नागपूरचा उन्हाळा आणि ऑफिसचे कपडे: घरच्या मशीनवर शिवताना

मानेवाड्याहून सिव्हिल लाइन्सला मोपेडने जायला मला पंचवीस मिनिटं लागतात. सकाळचं ऊन सोसवतं, पण मे महिन्यात संध्याकाळी सहाला परत निघते तेव्हाही डांबर उकळत असतं आणि लू थेट बाहीत शिरते. दिवसभर अकाउंट्सच्या टेबलावर बसायचं. कूलर एक, तोही माझ्यापासून चार टेबलं लांब. अशा दिवसाला पुरतील असे कपडे मला बाजारात तयार मिळाले नाहीत, म्हणून बारा वर्षांपूर्वी आईचं पायमशीन माझ्या घरी आणलं. आज उन्हाळ्यासाठी माझ्याकडे पाच कुर्ते, तीन पँटी आणि एक सनकोट आहे. सगळे मी घरी शिवलेले. दरवर्षी त्यातले दोन-तीन जुने होतात, तेवढेच नवे शिवते.

थोडंफार शिवण येणाऱ्या कुणालाही हे जमेल. सरळ टीप मारता आली, उरेब (तिरकी कापलेली) पट्टी लावता आली की पुरे. लागतो तो वेळ, आणि तो योग्य महिन्यात काढावा लागतो.

संक्रांत झाली की मी कापड आणते आणि फेब्रुवारी संपायच्या आत शिवून मोकळी होते. मार्च एंडिंगला आमच्या टेबलावर मान वर करायला फुरसत नसते हे एक कारण. दुसरं कारण पंखा. कापड बेतताना आणि इस्त्री करताना पंखा बंद ठेवावा लागतो, नाहीतर मलमल उडून सगळ्या खुणा सरकतात. एप्रिलमध्ये नागपुरात पंखा बंद करून तासभर बसून दाखवा. घामाचे हात पांढऱ्या कापडाला लागतात, सुई गंजते, आणि माणूस घाईघाईत मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, चुकवून बसतो. थंडी सरत असतानाचे रविवार यासाठीच राखून ठेवा.

कापड

आमच्याकडचा उन्हाळा कोरडा असतो, सगळा हिशेब त्यावरून मांडायचा. हवा ४४-४५ अंशांवर गेली की ती आपल्या कातडीपेक्षा गरम असते. मग वाऱ्याने गार वाटत नाही, उलट तो आपल्याला तापवतो. म्हणून इथे बिनबाह्यांचा पातळ टॉप घालून बाहेर पडणारीला जास्त त्रास होतो, आणि पूर्ण बाहीचा सैल सुती कुर्ता घातलेली सुखात असते. कापड ऊन अडवतं. आतला घाम कापडात उतरतो, तिथून उडतो, आणि उडताना गारवा देतो. हे घडायला दोन गोष्टी लागतात: ओल पिणारं कापड, आणि कापड व अंग यांच्यामध्ये थोडी मोकळी हवा. सूत हवेतूनच आपल्या वजनाच्या साधारण ८ टक्के ओल धरून ठेवतं. पॉलिस्टर अर्धा टक्काही धरत नाही. पॉलिस्टरच्या कुर्त्यात घाम पाठीवरून ओघळत खाली जातो, त्याचं कारण हेच.

कापडासाठी मी इतवारी-गांधीबागेत जाते. ज्या शहरात १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली आणि ज्याच्या चहूबाजूंनी कापूस पिकतो, तिथे राहून उन्हाळ्यात पॉलिस्टर घालावं लागणं मला मनापासून खटकतं. पण दुकानात ‘प्युअर कॉटन’ म्हणून जे पुढे टाकतात, ते सगळं सुती नसतं. अर्धा मीटर तुकडा घ्या, घरी आणून उभा एक आणि आडवा एक असे दोन्ही धागे उपसा आणि वेगवेगळे जाळा. सूत कागदासारखं जळतं, जळक्या कागदासारखाच वास येतो, राख बोटाने चुरता येते. पॉलिस्टर वितळतं आणि टोकाला टणक काळा मणी उरतो. बऱ्याच मिश्र कापडांत एका बाजूचा धागा सुती आणि दुसऱ्या बाजूचा नसतो, म्हणून दोन्ही जाळायचे.

कुर्त्यांसाठी मी तीन प्रकारचं कापड घेते. केंब्रिक, म्हणजे साध्या विणीचं पातळ सुती कापड, रोजच्यासाठी. ते धुवायला सोपं, शिवायला त्याहून सोपं, पहिल्या कुर्त्याला हेच घ्या. मंगळगिरी, म्हणजे काठाचं हातमागाचं सुती कापड, मीटिंगच्या दिवसासाठी. त्याचा बारीक काठ बाहीच्या टोकाला आला की वेगळी नक्षी लागत नाही. आणि खादी. वर्ध्याला आत्याकडे गेले की मगन संग्रहालयातून नैसर्गिक रंगाची खादी आणते. खादीबद्दल लोकांना वाटतं ती जाड असते, उकडेल. हातकताईच्या धाग्याला पीळ सारखा नसतो, विणीत बारीक बारीक फटी राहतात, त्यातून हवा खेळते. पाच-सहा धुण्यांनंतर ती इतकी मऊ होते की जुन्या धोतराची आठवण यावी. माझ्या पाचांपैकी दोन कुर्ते खादीचे आहेत आणि मेमधल्या सर्वांत वाईट दिवसांसाठी ते राखून ठेवलेले असतात.

पँटीला कुर्त्याहून जाड कापड लागतं. कॉटन फ्लेक्स किंवा चांगली पॉपलिन. मलमलची पँट शिवू नका, मोपेडच्या सीटवर महिन्याभरात विरते.

मापाचा हिशेब: ४४ इंच पन्ह्याचं (रुंदीचं) कापड असेल तर कुर्त्याला अडीच मीटर, पँटीला दोन मीटर. ३६ इंची पन्हा असेल तर मी सांगते त्या पद्धतीत बाह्या बाजूच्या पट्टीतून निघत नाहीत, म्हणून सव्वातीन मीटर घ्या. रंग फिके. काळा आणि गडद निळा ऑफिसात छान दिसतात, पण सिग्नलला दोन मिनिटं उभं राहिलं की खांद्यावर कळतं.

आधी भिजवा

पहिल्या वर्षी मी खादी आणली त्याच संध्याकाळी बेतली. सुंदर कुर्ता झाला. दोन धुण्यांत तो लांबीला पावणेदोन इंच आटला आणि बाही मनगटावरून वर सरकली. इतकी मेहनत आणि इतकं चांगलं कापड वाया गेलं याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून कुठलंही कापड न भिजवता कात्री लावत नाही.

कापड सुटं करून, घडी न ठेवता, बादलीभर साध्या पाण्यात रात्रभर बुडवा. रंगीत असेल तर एकेक वेगळं. सकाळी हाताने घुसळून काढा, पिळू नका, सावलीत पसरा. थोडं दमट असतानाच इस्त्री फिरवा, ती उभ्या धाग्याच्या दिशेने. खादी आणि हातमाग दोनदा भिजवते, कारण पहिल्या पाण्यात खळ निघते आणि खरं आटणं दुसऱ्या पाण्यात कळतं. मग आडवा एक धागा ओढून त्या रेषेवर टोक सरळ करून घ्या. दुकानदाराने फाडलेलं किंवा कापलेलं टोक क्वचितच धाग्याला धरून असतं, आणि तिरक्या टोकावरून बेतलेला कुर्ता धुतल्यावर एका बाजूला फिरतो.

बगल

माझी आत्या वर्ध्यात शिवणक्लास चालवायची. ती म्हणायची, “बगल नीट बसली की सारा कुर्ता बसते, पोरी. गळ्याच्या मागे काऊन लागते?” मला हे पटायला बरीच वर्षं लागली. उन्हाळ्याचा कुर्ता पहिल्यांदा भिजतो तो बगलेत, उसवतो तिथेच, आणि मोपेडचा हँडल धरायला हात पुढे केला की ताण पडतो तोही तिथेच. बाजारच्या कुर्त्यांचा मुंढा घट्ट आणि गोल असतो. आरशासमोर उभं राहिलं की तो सुबक दिसतो, पण दहा मिनिटं गाडी चालवली की काचतो. मुंढा नुसता खोल केला तर हात वर केल्याबरोबर अख्खा कुर्ता वर उचलला जातो.

यावरचा उपाय आजोबांच्या पैरणीत होता. बगलेत चौकोनी तुकडा. जुने शिंपी त्याला चौबगला म्हणत. त्यामुळे बाही सरळ राहते, अंगाचा भाग सरळ राहतो, गोल कापावं लागत नाही, आणि बगलेत हात फिरायला जागा मिळते. कापडही वाया जात नाही. मी माझे सगळे उन्हाळी कुर्ते आता याच पद्धतीने शिवते.

माझ्या मापावरून सांगते, तुम्ही आपली मापं घाला. माझी छाती ३८. त्यात सैलपणा ६ इंच, म्हणजे तयार कुर्ता ४४, पुढचा भाग २२ आणि मागचा २२. थंडीतल्या कुर्त्याला मी ३ इंचच सैल ठेवते. हा जास्तीचा ३ इंच म्हणजे अंगाभोवतीची हवा. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच माया, म्हणजे शिवणीत जाणारं जास्तीचं कापड, धरून कापायची रुंदी २३. तुमचा सीट (नितंबांचा घेर) छातीपेक्षा बराच मोठा असेल तर रुंदी सीटवरून काढा. तयार उंची ४२, खांद्याला अर्धा इंच आणि खाली दुमडीला २ इंच, म्हणून कापायची उंची साडेचव्वेचाळीस. असे दोन आयत. टक्स नाहीत, कंबरेला आकार नाही.

बाहीचं माप खांद्यापासून घेऊ नका, कारण या कुर्त्याचा खांदा दंडावर उतरतो. मानेच्या मणक्यापासून मनगटाच्या हाडापर्यंत टेप धरा. माझं साडेएकोणतीस येतं. त्यातून अंगाच्या रुंदीचा अर्धा, ११, वजा केला की साडेअठरा. जोडाला अर्धा आणि दुमडीला दीड इंच मिळवा, झाले साडेवीस. बाहीची रुंदी १६ आणि माया १, म्हणजे १७. ही रुंदी टोकापर्यंत तशीच ठेवली तर जेवताना वरणात बुडते, म्हणून मनगटाकडे ११ इंचांवर आणते. पण बगलेकडचे पहिले ५ इंच सरळच ठेवायचे, तिथे चौकोन बसतो. चौकोन तयार ४ इंचांचा, कापायला ५ बाय ५. असे दोन.

४४ पन्ह्याच्या कापडावर अंगाचे दोन आयत एकाखाली एक लावले की बाजूला उभी पट्टी उरते. आटून पन्हा ४३ झाला तरी २० इंच. त्या पट्टीत दोन बाह्या, दोन चौकोन, खिसा आणि गळ्याची उरेब पट्टी, सगळं बसतं.

शिवायचा क्रम चुकवू नका.

आधी खांदे जोडा. गळा याच वेळी पूर्ण करून घ्या, कापड सपाट असताना तो सोपा जातो. मग बाहीचा मध्य खांद्याच्या शिवणीवर ठेवून बाही सरळ रेषेत अंगाला जोडा, पण दोन्ही टोकांना शेवटचा अर्धा इंच सोडून थांबा. तिथे उलटी टीप मारून पक्कं करा. आता कुर्ता टेबलावर उघडा पसरला तर बाही आणि अंग यांच्यामध्ये पुढे एक काटकोन दिसेल, मागे एक.

चौकोनाची एक बाजू बाहीच्या पुढच्या खालच्या कडेला लावा, चौकोनाचा कोपरा बरोबर त्या सोडलेल्या अर्ध्या इंचापाशी येईल अशी. टीप मारत कोपऱ्यापर्यंत या. सुई कापडात खाली रुतवून ठेवा, मशीनचा पाय उचला, कापड फिरवा, आणि चौकोनाची पुढची बाजू अंगाच्या पुढच्या कडेला लावा. पाय खाली, टीप पुढे. कोपऱ्यात चुणी आली तर उसवा; पहिल्या चौकोनाला मी तीनदा उसवलं होतं.

दुसरी बाजू एका सलग टिपेत होते. कुर्ता उलटा करून खांद्यावर दुमडा. बाहीच्या मनगटापासून सुरू करा, बाहीच्या दोन कडा जोडत चौकोनाच्या टोकापर्यंत या, तिथून चौकोनाची तिसरी बाजू बाहीच्या मागच्या कडेला, कोपऱ्यात सुई रुतवून वळण, चौथी बाजू अंगाच्या मागच्या कडेला, आणि मग तसंच खाली बाजूच्या कटापर्यंत. सरळ करून हात वर करून बघा. कुर्ता जागचा हलणार नाही.

बगलेतल्या माया इंटरलॉक करू नका. त्या धाग्याचा खरखरीतपणा घामाच्या कातडीला घासतो आणि तिथेच घामोळ्या येतात. कडा आत दुमडून हाताने बारीक हेम घाला. दोन बगलांना मिळून अर्धा-पाऊण तास जातो. रात्री रेडिओ ऐकत होतं. बाकीच्या सरळ शिवणींना इंटरलॉक चालतं, आमच्या कोपऱ्यावरच्या पिको-फॉलच्या दुकानात करून मिळतं.

गळ्याबद्दल थोडं. मागचा गळा खोल ठेवू नका, फक्त १ इंच. मानेचा मागचा भाग गाडीवर सतत उन्हात असतो. पुढचा ४ इंच, त्याखाली ५ इंचांची चीर आणि वर एकच बटण. रुंदी ६. चीर असल्यामुळे डोकं सहज जातं, आणि ऑफिसात पोचल्यावर बटण काढलं की वारा लागतो. कडेला उरेब पट्टी सवा इंच रुंद, आत पलटवून. कॅनव्हास किंवा चिकटवायचं फ्युजिंग गळ्याला लावू नका. तेवढ्या भागात कापड श्वास घेणं थांबवतं आणि नेमकं तिथेच ओलं राहतं.

कट खालून १७ इंच. एवढा नसेल तर गाडीवर बसल्यावर पुढचा भाग ताणला जातो.

अस्तर शक्यतो नको. कापड पारदर्शक असेल तर कमरेपासून मांडीपर्यंतच मलमलीचं लावा. क्रेपचं अस्तर लावलं की वरच्या सुती कापडाचा काही उपयोग उरत नाही, आणि हे टेलरकडे दिलेल्या कुर्त्यात हमखास होतं. सांगूनही होतं. सुती ड्रेस म्हणून पैसे द्यायचे आणि अंगाला मात्र पॉलिस्टर लागायचं, याचा मला राग येतो.

मशीनची तयारी

केंब्रिक, मंगळगिरीला ११ नंबरची सुई, खादी आणि पँटीच्या कापडाला १४. पँटीचं आसन, म्हणजे दोन पायांमधला बसायचा भाग, दुहेरी शिवताना १६. दोन कुर्त्यांनंतर सुई बदला. बोथट सुईने पातळ कापडात धागे ओढले जातात, आणि त्या रेघा इस्त्रीनेही जात नाहीत. टीप इंचाला दहा-बाराच्या आसपास ठेवा. पातळ कापड मशीनच्या दात्यांत अडकून चुरगळत असेल तर खाली साध्या कोऱ्या कागदाची पट्टी ठेवून शिवा आणि मग कागद फाडून काढा. वर्तमानपत्र नको, शाई लागते. दोरा मी स्पन पॉलिस्टरचा वापरते. कापड सुती असावं यावर माझा जितका कटाक्ष आहे तितका दोऱ्यावर नाही, कारण साध्या सुती दोऱ्याने शिवलेल्या माझ्या कुर्त्यांच्या बगला दुसऱ्या उन्हाळ्यात उसवल्या.

पहिल्यांदा शिवणार असाल तर नव्या कापडाला हात लावण्याआधी जुन्या चादरीतून एक कुर्ता शिवा. तो घालून गाडीवर बसा, वरच्या फळीवरचा डबा काढा, खाली वाकून फाइल उचला. मग मापं ब्राऊन पेपरवर उतरवा.

पँट

पँट नव्याने ड्राफ्ट करण्यापेक्षा नीट बसणारी जुनी सुती पँट उसवून तिचा खाका काढणं बरं. त्यात उन्हाळ्यासाठी तीन बदल. खुर्चीवर ताठ बसा, कंबरेपासून खुर्चीच्या फळीपर्यंत माप घ्या आणि आसन त्याहून दीड इंच जास्त ठेवा. सीटला ६ इंच सैल. मोहरी (पायाचा खालचा घेर) १५ इंच, म्हणजे घोट्यापाशी वारा वर चढतो. निमुळती मोहरी उन्हाळ्यात नकोच.

कमरेला गोल इलॅस्टिक घातलं की संध्याकाळी लाल वळ उठतो आणि त्यावर घामोळ्या. मी पुढे सपाट पट्टी ठेवते, मागच्या अर्ध्या भागात पाऊण इंची इलॅस्टिक, आणि पुढून नाडी. सकाळी बांधली तशी दुपारी जेवल्यावर सैल करता येते. खिसा दोन्ही बाजूंना घाला, खिशाचं कापड मलमलीचं. आसनाला दोन टिपा, एकावर एक नाही, पाव इंच सोडून.

सनकोट

नागपुरात उन्हाळा लागला की रस्त्याच्या कडेला पांढरे सनकोट टांगलेले दिसतात. ते घाईने शिवलेले असतात, आणि बऱ्याचदा कापडात भेसळ. घरी शिवायला यासारखं सोपं काही नाही, कारण तो इस्त्रीचा कपडा नाही, थोडं वाकडं झालं तरी चालतं. खरं तर चौबगला पहिल्यांदा करून पाहायला सनकोटच घ्या. माझा जुन्या पांढऱ्या डबल बेडशीटचा आहे, चार वर्षं झाली.

कुर्त्याचाच खाका, पण रुंदी एकूण ४ इंच जास्त, कारण तो कुर्त्यावर घालायचा. उंची मांडी पूर्ण झाकेल एवढी. पुढचा भाग मधोमध उघडा. चेन लावू नका, उन्हात तापून गळ्याला चटका बसतो. पाच मोठी बटणं लावा. गळ्याला अडीच इंचांची उभी कॉलर. बाही मनगटापुढे ४ इंच लांब ठेवा आणि वरच्या बाजूने पंज्यावर येईल अशी गोलसर पाकळी कापा, टोकाला मधल्या बोटात अडकवायला बारीक इलॅस्टिकचा फास. तळहाताची बाजू मनगटापाशीच संपवा. त्याने हाताची पाठ झाकली जाते आणि ब्रेक दाबायला बोटं मोकळी राहतात. हातमोजे घातले तर पकड सुटते, मला ते गाडीवर कधीच सुरक्षित वाटले नाहीत.

स्कार्फसाठी सव्वादोन मीटर मलमल, कडांना बारीक हेम. निघण्यापूर्वी पाण्यातून काढून घट्ट पिळून बांधला तर पहिली पंधरा मिनिटं डोकं गार राहतं. दोन ठेवा, परतीच्या वेळी कोरडा हाताशी हवा.

माझी मावसबहीण डोंबिवलीला असते, लोकलने चर्चगेटला जाते. तिला मी हौसेने खादीचा पूर्ण बाहीचा कुर्ता शिवून दिला. तो तिच्या उपयोगाचा नव्हता. तिकडची हवा आधीच ओली. घाम उडतच नाही, आणि जाडसर कापड भिजलं की संध्याकाळपर्यंत अंगाला चिकटून राहतं. दमट गावात राहत असाल तर हाच खाका घ्या पण कापड सर्वांत पातळ केंब्रिक किंवा मलमल, बाही कोपरापर्यंत, गळा थोडा रुंद. चौबगला मात्र तसाच ठेवा. लोकलच्या दांडीला हात वर धरून उभं राहायला तो मोपेडपेक्षाही जास्त कामाला येतो, असं ती सांगते.

धुणं

उन्हाळ्यात कपडा एकदाच घालायचा. घरी आल्याबरोबर साध्या पाण्यात बुडवून ठेवते, साबण दुसऱ्या दिवशी लावला तरी चालतं. घाम वाळून बसला की बगल पिवळी पडते आणि कापड तिथे लवकर विरतं. उलटा करून सावलीत वाळवा. मेमध्ये तासाभरात खडखडीत होतो, त्याला उन्हात टाकून रंग घालवायचं काही कारण नाही. खळ घालू नका. कडक खादी दिसायला रुबाबदार असते, पण खळीने विणीतल्या फटी बुजतात, आणि त्या फटींसाठीच तर आपण खादी घेतली.

माझा ब्राऊन पेपरचा खाका दारामागे खिळ्याला टांगलेला असतो. मे अखेर नवतपा लागला की त्या नऊ दिवसांत रोज संध्याकाळी, कपडे पाण्यात टाकण्याआधी, कुठे काचलं आणि कुठे सर्वांत जास्त भिजलं ते त्या खाक्यावर पेन्सिलीने लिहून ठेवते. पाठीच्या मधोमध आडवी शिवण असलेला कुर्ता असाच बाद झाला. बाही दीड इंच रुंद झाली ती दोन वर्षांपूर्वीच्या नवतप्यात. गेल्या वर्षीची नोंद खिशाबद्दल आहे: उजवा खिसा २ इंच खाली घ्यावा, गाडीवर बसल्यावर किल्ली मांडीला टोचते. यंदा संक्रांतीनंतर कापड आणलं की आधी तेवढं बदलायचं आहे.